नाकाची साक्ष

तिने दोन्ही हातांची ओंजळ तोंडावर धरली, पोटातून जोर लावून श्वास सोडला आणि तो निसटायच्या आत नाक आत खुपसलं. साबण. रबरी हातमोजे. सकाळच्या चहाचा उरलासुरला वास. बाकी काही नाही. मग तिने नळाजवळचा स्टीलचा पेला पुसून कोरडा केला, त्यात श्वास सोडला, वर तळहात दाबला, दहापर्यंत मोजलं आणि तळहात जरासा सरकवून फटीतून हुंगलं. पेल्याला पेल्याचाच वास येत होता.

आपल्याच तोंडाचा वास आपल्याला येत नाही. जगातल्या यच्चयावत माणसांची ही गत आहे, आणि एकतीस वर्षांत तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. आज अडलं होतं. बाहेरून कोणीतरी हात धुवायच्या खोलीच्या दारावर थाप मारली.

"आत झोपलीस का गं बाई? आम्हालाही पोटं आहेत!"

"आले, आले," ती म्हणाली आणि पेला जागच्या जागी ठेवून तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिली.

त्याला कारण असं झालं होतं, की सकाळी अकराला पाळण्यातली नळी फुटली होती.

पाळणा म्हणजे त्यांची भट्टी. जाड क्वार्ट्झच्या नळीत आर्सेनिक, सेलेनियम, टेल्युरियम असले तुकडे तोलून भरायचे, आतली हवा उपसायची, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि ती भट्टीत घालून दोन दिवस हळूहळू झुलवत ठेवायची. झुलवलं नाही तर आतला रस एकजीव होत नाही, म्हणून पाळणा. त्यातून निघते ती काच काळीकुट्ट. डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचा पेटलेला दिवाही दिसायचा नाही. पण उष्णता तिच्यातून आरपार जाते. तिची भिंगं उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांत बसतात आणि आग विझवणारे लोक त्या कॅमेऱ्यातून धुरात पडलेला माणूस शोधून काढतात. ती नव्याने लागली तेव्हा आईला हे समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले होते. "जिच्यातून दिसत नाही ती काच कसली?" आईने विचारलं होतं, आणि तसं पाहिलं तर बरोबरच विचारलं होतं.

भट्टीला तापमानाचे काटे आहेत, दाबाचे काटे आहेत, वर लाल दिवा आहे. पण नळी तडकणार असली की काट्याच्या आधी ते कानाला कळतं. बारीकशी टिचकी वाजते, नखावर नख वाजवावं तशी. म्हणून दर तासाला भट्टीच्या दाराच्या फटीशी कान न्यायची इथल्या जुन्या लोकांची रीत होती आणि तीच तिने उचलली होती. आता मास्कचा पट्टा जातो नेमका कानावरून. पट्टा असला की टिचकी ऐकू येत नाही. मग काय करायचं? मास्क कपाळावर सारायचा, कान लावायचा, पुन्हा खाली ओढायचा. सहा वर्षं ती दिवसातून आठ वेळा हेच करत होती. तिला तर ते मास्क घालण्याचाच एक भाग वाटायला लागलं होतं.

आज टिचकी वाजली नाही. फटकन आवाज झाला आणि दाराच्या फटीतून पिवळट धुराचा एक भपकारा तिच्या गालाला घासून गेला.

पुढचं तिने बिनचूक केलं. मास्क ओढला, वीज तोडली, वरचा पंखा पूर्ण वेगाने सोडला, दार लावून घेतलं. धूर पंख्याने ओढून नेला. पण त्याआधी तिने श्वास घेतला होता का? अर्धा? पाव? की दचकून छातीतच कोंडला होता? तिने तो क्षण दोन तासांत शंभरदा आठवून पाहिला होता आणि दर वेळी तो वेगळा आठवत होता.

ज्योतीवर नळ्या बंद करायचं काम मास्तरांचं. साठीला टेकलेला माणूस, भुवया ज्योतीने कायमच्या करपलेल्या. नळी फुटल्याचं कळताच ते अॅप्रनची गाठही न सोडता धावत आले होते.

"माझा सांधा गेला का गं?"

"नाही मास्तर. सांधा जसाच्या तसा आहे. मधून तडकलीय, उभी."

"उभी ना? मग क्वार्ट्झमध्येच खोट होती." मास्तरांच्या जिवात जीव आला. "मास्क होता ना तुझा?"

"होता."

कपाळावर होता, पण होता.

मास्तर फुटलेले तुकडे चिमट्याने ट्रेमध्ये गोळा करू लागले. ती शेजारी उभी राहून नोंदवहीत लिहू लागली आणि लिहिता लिहिता, जणू काही आजच्या हवेबद्दल बोलतोय अशा सुरात तिने विचारलं,

"मास्तर, टेल्युरियम अंगात गेलं तर तोंडाला वास किती वेळाने सुटतो हो?"

"लसणाचा? तासाभरात. फार तर दोन तास." मास्तर हसले. "मला लागला होता ना एकदा, चिमूटभरसुद्धा गेलं नसेल. बायकोने महिनाभर बाहेरच्या खोलीत झोपवलं. म्हणाली, लसणाच्या पोत्याशी लग्न केलं असतं तर निदान भाजीला तरी उपयोग झाला असता."

तीही हसली. हसायलाच हवं होतं.

"आणि वास नाही आला तर?"

"तर गेलंच नाही. साधी गोष्ट. लघवी तपासायला पाठवतात, तिचा निकाल आठ दिवसांनी येतो. तोपर्यंत घरच्यांनी नाकाला पदर लावून निकाल दिलेला असतो."

आठ दिवस. तिच्या हातातलं पेन थांबलं. मग अगदी सहज, खोडी काढावी तसं तिने तोंड पुढे केलं.

"बघा बरं माझा."

"अगं पोरी, तीस वर्षं या धुरात काढली मी. माझ्या नाकाला आता गुलाब काय नि गटार काय, सगळं एकच. इथे कोणालाही विचार, सगळ्यांची नाकं मेलेली आणि सगळ्यांच्या तोंडांना थोडा थोडा तोच वास. चोरांच्या वस्तीत चोर ओळखायचा कोणी?" मास्तरांनी चिमटा खाली ठेवला आणि करपलेल्या भुवया वर करून तिच्याकडे पाहिलं. "पण तू का विचारतेस? मास्क होता म्हणालीस ना?"

"होता की. सहज विचारलं."

मास्तर ट्रे उचलून निघून गेले. तिने नोंदवहीत लिहिलं, नळी उभी तडकली. पुढे चौकट होती, मास्क. तिथे तिने बरोबरची खूण केली आणि ती खूण चौकटीच्या बाहेर गेली.

भट्टीच्या दाराशी नियमांची पाटी आहे. सातव्या ओळीत लाल अक्षरांत लिहिलंय, गरोदर स्त्रियांनी या खोलीत पाऊल टाकू नये. गेले सहा आठवडे ती रोज या ओळीकडे नजर न उचलता आत जात होती. तिला दहावा आठवडा चालू होता.

कोणी म्हणेल, वेडी आहे का ही बाई? वेडी नव्हती. पहिल्या वेळी तिने दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं होतं. साहेबांनी तिला लगेच पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. सगळ्यांनी चिडवलं, आता काय बाई दोन दोन पाळणे हलवणार! दहाव्या आठवड्यात ते गेलं. पंधरा दिवसांनी ती कामावर आली आणि साहेबांच्या दारात उभी राहून म्हणाली, मला परत भट्टीवर घ्या. दुसऱ्या वेळी तेच सगळं, तीच खुर्ची, तेच टेबल. बाराव्या आठवड्यात गेलं. पुन्हा तेच दार, पुन्हा तेच वाक्य. त्या वेळी कोणी चिडवलं नव्हतं. ती खोलीत शिरली की बोलणं थांबायचं, डबा खाताना कोणीतरी आपल्यातला एक घास मुद्दाम तिच्या डब्यात घालायचं. त्या घासाने तिला सर्वांत जास्त रडवलं होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी तिने ठरवलं, तीन महिने उलटेपर्यंत कारखान्यात ताकास तूर लागू द्यायची नाही. सांगितलं की जातं, हे तिच्या मनाने धरलं होतं. मास्क आहे, पंखा आहे, सहा वर्षांत एकदाही नळी फुटलेली नाही, मग भीती कशाची? नवऱ्याला मात्र सांगावं लागलं होतं. आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "पॅकिंगला बसवलं ना तुला?" तेव्हा ती हो म्हणाली होती.

एकदा हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हो म्हणावं लागतं. तो रोज विचारायचा, खोकी जड नव्हती ना, उभं नाही ना राहावं लागलं. ती रोज खोक्यांच्या गोष्टी रचायची.

जेवणाच्या सुट्टीत तपासणीची खोली रिकामी असते. ती आत शिरली. टेबलावर उष्णतेचा कॅमेरा तिवईवर बसवलेला होता. त्याचं भिंग तिनेच वितळवलेल्या काचेचं होतं. तिने पडदा चालू केला आणि पुढ्यात उभी राहिली. पडद्यावर एक पिवळी, नारिंगी बाई उमटली. नाकाचा शेंडा निळसर, गाल गरम, डोळ्यांच्या कडा आणखी गरम. तिने श्वास सोडला तेव्हा नाकपुड्या उजळल्या, आत घेतला तेव्हा विझल्या. वास काही पडद्यावर दिसत नाही. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, अॅप्रन वर केला, कुर्ता वर केला आणि पोट कॅमेऱ्यासमोर धरलं.

पिवळं पोट. सगळीकडे सारखं पिवळं. हा कॅमेरा धुरापलीकडचा माणूस दाखवतो, पण कातडीच्या आतलं त्याला काडीचं कळत नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती तशीच उभी राहिली. तिने पोटावर हात ठेवला, काढला. पडद्यावर हाताच्या जागी फिकट पंजा उमटून राहिला आणि हळूहळू पुसून गेला.

"अरे देवा," ती पडद्याला म्हणाली, "काहीतरी सांग की रे."

चार वाजता सुटी झाली. बसमध्ये बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, पण ती मुद्दाम एका आजींच्या शेजारी जाऊन बसली. बाहेरचं माणूस हवं, मास्तरांच्या बोलण्याचा अर्थ तोच होता. ती आजींच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन म्हणाली,

"आजी, ही बस बाजाराकडून जाते ना?"

आजींनी चेहरा झटकन दुसरीकडे वळवला. तरी ती पुन्हा जवळ जाऊन म्हणाली, "बाजाराकडून हो, बाजाराकडून."

"अगं, या बाजूने बोल!" आजींनी डाव्या कानावर बोट ठेवलं. "तो उजवा केव्हाच गेला. आणि तू तर रोज दिसतेस या बसला. रस्ता विसरलीस की काय?"

आता लाज धरून भागणार नव्हतं.

"आजी, खरं सांगा. माझ्या तोंडाला वास येतो का?"

आजींनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि मग त्या इतक्या हसल्या की पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या. "अगं बाई माझे, मला पुढ्यातल्या जेवणाचा वास येत नाही दोन वर्षं झाली, तुझ्या तोंडाचा कुठला येतोय! कानामागोमाग नाकही गेलंय. कोण म्हणालं, नवरा? त्याला म्हणावं, आधी आपलं तोंड हुंग!"

तिलाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पुढच्या बाकावरची एकजण तान्हं मूल खांद्यावर घेऊन बसली होती. मूल टकामका तिच्याकडेच बघत होतं. त्याला बोलवायला ती नेहमीसारखी पुढे झुकली आणि तशीच थबकली. आपल्या तोंडातून काय निघतंय कोणास ठाऊक, ते दुसऱ्याच्या लेकरावर फुंकायचं? तिने ओढणी तोंडावर दाबली आणि उतरेपर्यंत खिडकीकडे बघत राहिली.

उरलं एकच नाक.

तिचा नवरा दूध डेअरीवर होता. गावोगावचं दूध कॅनमधून येतं तेव्हा दर कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि चांगलं की परत, ते सांगायचं, हे त्याचं काम. दिवसाला दोनशे झाकणं. दूध फाटायच्या दोन तास आधी त्याला कळायचं. गाईने कांद्याची पात खाल्लेली असली तरी त्याला दुधात कळायचं. एकदा त्याने सख्ख्या थोरल्या भावाचा कॅन परत पाठवला होता, सगळ्यांच्या देखत. वहिनी वर्षभर बोलल्या नाहीत. "नाकाने जे सांगितलं ते सांगितलं, त्यात भाऊ काय नि पाहुणा काय," तो म्हणाला होता. गाव त्याला नाकाड्या म्हणे आणि त्याला त्याचा अभिमान होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याला वास घ्यायला सांगायचं तर कशाचा ते सांगावं लागणार. न सांगावं तर आज नाही तर उद्या सकाळी तो उशीवर मान वळवेल आणि त्याला आपोआप कळेल. त्यापेक्षा आपल्या तोंडाने सांगितलेलं बरं, असं तिने जिना चढताना ठरवलं. वरच्या पायरीपर्यंत धीर पुरला, दाराशी पुन्हा संपला.

तो घरीच होता. अंघोळ करून, केस ओले, भाजी निवडत बसला होता.

"आज लवकर? खोकी कमी होती वाटतं."

ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

"मी पॅकिंगला नाही."

"म्हणजे?"

"मी त्यांना सांगितलंच नाही. मी भट्टीवरच आहे. पहिल्या दिवसापासून."

त्याने हातातली जुडी खाली ठेवली.

"सहा आठवडे?"

"सहा आठवडे."

"रोज विचारतो मी तुला. रोज! खोकं उचललंस का, पाय दुखले का. आणि तू मला गोष्टी सांगत होतीस? परवा म्हणालीस, टेबलाचा पाय मोडला म्हणून. तेही खोटं?"

"तेही."

"अगं, आहेस कोण तू?" तो उठला, त्याचा आवाज चढला. "दोन वेळा आपण... दोन वेळा मी तुला दवाखान्यातून घरी आणलंय. मी! आणि तरी तू त्या विषाच्या खोलीत जाऊन उभी राहतेस? माझं काहीच नाही का त्यात? एका शब्दाने विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"ओरड," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे. पण नंतर ओरड. आधी वास घे."

"कसला वास?"

तिने सांगितलं. नळी, भपकारा, कपाळावरचा मास्क, मास्तरांचा लसूण, आठ दिवसांचा निकाल. तिचा स्वर सपाट होता, नोंदवही वाचून दाखवावी तसा. "मला मळमळतं म्हणून महिनाभर या घरात लसूण शिजलेला नाही. वास आला तर तो एकाच गोष्टीचा. तुझ्या नाकापुढे दुसरी साक्ष नको मला. आठ दिवस मी नाही रे काढू शकत. आठ तासही नाही."

तो खाली बसला. ती त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि श्वास सोडला.

डेअरीवर तिने त्याला काम करताना पाहिलं होतं. आधी एक छोटा, तुटक श्वास. मग मान बाजूला. मग दुसरा, लांब. आत्ताही त्याने तेच केलं. लांब श्वासानंतर तो काही क्षण तसाच थांबला.

"काही नाही," तो म्हणाला.

"खरं?"

"खरं. काही नाही गं."

"लसणाचा? जरासुद्धा?"

"अगं, नाही म्हणतो ना. काहीच नाही."

ती त्याच्या मांडीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली, मग हसली, मग बसमधल्या आजींची गोष्ट सांगायला लागली आणि सांगता सांगता पुन्हा रडली. सुटलो. सुटलो गं बाई. उद्या साहेबांना सांगायचं, पाटीच्या सातव्या ओळीला हात जोडायचे, चिडवू दे कोणाला काय चिडवायचं ते. आता टेबलावर बसून जन्मभर खोकी बांधायला लागली तरी कानाला खडा, पुन्हा त्या खोलीत पाऊल नाही. तो तिच्या केसांतून हात फिरवत होता. सावकाश, एकसारखा.

बराच वेळ तो हात फिरत राहिला.

मग तिचं रडं थांबलं, कारण तिला काहीतरी उणं वाटलं. तो ओरडला नव्हता. नंतर ओरड, असं ती म्हणाली होती, आणि आता नंतर झालं होतं. लेकरू सुखरूप आहे, बायको सुखरूप आहे, मग सहा आठवड्यांच्या खोट्याबद्दल घर डोक्यावर घ्यायला याला कोणाची आडकाठी होती? भाजीत मीठ जास्त झालं तर तासभर बोलणारा माणूस हा. तो एक अक्षर बोलला नव्हता.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने पाणी घेतलं नाही. भट्टीवर एखादा मापक शून्य दाखवायला लागला की कोणी लगेच खूश होत नाही. आधी त्याच्यापुढे माहीत असलेली वस्तू धरायची आणि काटा हलतो का ते पाहायचं. कांद्याच्या टोपलीत, अगदी तळाशी, महिन्यापूर्वीचा लसणाचा गड्डा होता. वाळलेला, एका बाजूने कोंब फुटलेला. तिने दोन पाकळ्या सोलल्या आणि तोंडात टाकल्या. दाढेखाली त्या फुटल्या तशी जीभ भाजली, नाकातून झिणझिण्या गेल्या, पोटातून उमासा वर आला. तिने ओट्याची कड घट्ट धरून तो परतवला आणि शेवटपर्यंत चावून गिळलं. आता तर तिला स्वतःलाही वास येत होता. सगळ्या स्वयंपाकघराला येत होता.

ती बाहेर आली आणि पुन्हा त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"अजून एकदा घे. शेवटचं. मग नाही विचारणार."

तो जवळ आला. तिने त्याच्या चेहऱ्यावर श्वास सोडला, अगदी सरळ नाकावर. या वेळी तिने डोळे मिटले नव्हते. त्याने एक छोटा श्वास घेतला, मान बाजूला केली, मग लांब घेतला. त्याच्या पापणीचा केसही हलला नाही.

"काही नाही," तो म्हणाला.

"नीट घे."

त्याने पुन्हा घेतला, तिचे दोन्ही गाल हातांत धरून.

"नाही गं राणी. काहीच येत नाही. स्वच्छ आहे, दुधासारखा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सख्ख्या भावाचा कॅन परत पाठवणारा तिचा नवरा. त्याला गदागदा हलवावं, आणि त्याच्या गळ्यात पडून पुन्हा रडावं, असं दोन्ही तिला एकदमच वाटलं. दोन्हीतलं तिने काही केलं नाही. तोंड लसणाने भाजत होतं.

"दवाखाना आठला बंद होतो," ती म्हणाली.

तो लगेच उठला. कशाला, आत्ताच कशाला, असं काही त्याने विचारलं नाही. खुंटीवरचा सदरा घातला, किल्ली घेतली, निवडलेल्या भाजीवर ताट झाकलं आणि दार उघडून तिच्यासाठी थांबला.